रोमन सोन्याच्या नाण्यांवरच्या देव्या : कोण ठरवायचं आणि कोण बघायचं?

मोझेलकाठची
नमस्कार मंडळी. जर्मनीतलं ट्रिअर आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे पाहुणे आले की तिकडे न्यायचं ठरलेलंच. यावेळी पाहुण्यांना जुनं रोमन गेट दाखवून झाल्यावर पाऊस आला म्हणून तिथल्या ऱ्हाइनिश लांडेसम्युझियममध्ये शिरलो आणि मी त्या सोन्याच्या साठ्यापुढे अडकून पडले. १९९३ मध्ये तिथे एका हॉस्पिटलच्या भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम चाललेलं तेव्हा सापडलेला साठा आहे. अडीच हजारांच्या वर नाणी, वजन साडेअठरा किलो, सगळी रोमन सोन्याची, नीरोपासून साधारण सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंतची. म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी पुरून ठेवली आणि परत न्यायला काही आला नाही.

प्रत्येक नाण्याला एका बाजूला सम्राटाचं (किंवा सम्राज्ञीचं) डोकं आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा कुठलीतरी देवी. कुणाच्या हातात तराजू, कुणाच्या हातात फळांनी भरलेलं शिंग, कुणी सापाला खाऊ घालतेय, कुणी नुसतीच बसलीय. पाटी वाचल्यावर कळतं की ही शांतता, ही आरोग्य, ही समेट, ही औदार्य. देव्या कसल्या, जाहीरनामाच की हा!

तर माझा प्रश्न. कुठल्या नाण्यावर कुठली देवी हे कोण ठरवत असेल? आणि त्याहून मोठा म्हणजे ज्याच्या हातात ते नाणं पडायचं तो उलटून बघत तरी असेल का? माझं मत, नाही. सोनं आहे, वजन बरोबर आहे, बास. देवी ही सरकारी हौस. पण इथे नाण्यांचे जाणकार आहेत म्हणून विचारतेय.

कैरीपन्हं
रुमाल टाकून ठेवते. सावकाश वाचणार.

टांकसाळ_बंद
वा, बऱ्याच दिवसांनी आमच्या गल्लीतला धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढे गोंधळ नको. या सोन्याच्या नाण्याला ऑरियस म्हणतात. सम्राट ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून चाळीस-बेचाळीस पाडायचे, म्हणजे एक साधारण ७.८ ग्रॅमचं. इ.स. ६४ मध्ये नीरोने तेच ४५ केले, वजन आलं ७.३ वर. कॅराकॅलाने ५० केले. शेवटी कॉन्स्टंटाईनने पौंडाला ७२ या हिशोबाने नवीन नाणं काढलं, सॉलिडस, साडेचार ग्रॅमचं, आणि ते मग बायझंटाईन काळात कित्येक शतकं चाललं. गंमत म्हणजे वजन घटत गेलं तरी सोन्याचा कस बराच काळ जवळपास शंभर नंबरी राहिला. चांदीत मात्र वाट्टेल तसं तांबं घातलं, तिसऱ्या शतकात गॅलिएनसच्या वेळी तर चांदीचं म्हणून जे नाणं चालायचं त्यात शंभरात पाच भागसुद्धा चांदी नसायची.

आता देव्या. खऱ्या देवळातल्या देव्या म्हणजे व्हीनस, जूनो, व्हेस्टा, सेरेस, मिनर्व्हा. सम्राट डोमिशियन मिनर्व्हाचा एवढा भक्त की त्याच्या नाण्यांवर तीच ती, वेगवेगळ्या पवित्र्यात. आणि दुसऱ्या म्हणजे गुणांच्या देव्या, ज्या मोझेलताईंनी लिहिल्यात. पाक्स शांततेची, सालुस आरोग्याची (साप तिचाच), एक्विटास रास्त मापाची (तराजू), फोर्टुना नशिबाची, तिच्या हातात नौकेचं सुकाणू असतं. ही सगळी मूर्तींची भाषा तेव्हाच्या माणसाला पाठ असणार. वाचता न येणाऱ्यालासुद्धा. आपल्याकडे मोदक दिसला की देव कुठला हे सांगावं लागतं का?

ठरवायचं कोण यावर अभ्यासकांची भांडणं आहेत. ऑगस्टसच्या काळात नाणी पाडायला तीन तरुण अधिकारी नेमायचे, पुढे सम्राटाच्या हिशेब खात्याकडे गेलं. प्रत्येक देवी सम्राटाने स्वतः निवडली असं नाही, पण साहेबांना काय आवडतं ते कारकुनाला माहीत असतंच.

कुजकट_काका
शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या. ३२ वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस बोलतोय.

गोदाकाठ
एक ऑरियस म्हणजे किती पैसे हो? साध्या माणसाच्या हातात यायचं का ते?

टांकसाळ_बंद
@गोदाकाठ, २५ दिनारियस, म्हणजे चांदीची नाणी. किंवा १०० सेस्टर्स, पितळेची. ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या (रोमन पलटणीतल्या) शिपायाचा वर्षाचा पगार २२५ दिनारियस, म्हणजे ९ ऑरियस. तीन हप्त्यांत, एका हप्त्याला तीन. डोमिशियनने एक हप्ता वाढवून बारा केले. त्यातून जेवण, कपडे, हत्यारांचे पैसे कापून घ्यायचे ते वेगळंच.

सराफकट्टा
आमचं घर तीन पिढ्या या धंद्यात म्हणून हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. ७.८ ग्रॅम म्हणजे आपल्या जुन्या ११.६६ च्या तोळ्याचे बरोबर दोन तृतीयांश. नऊ नाणी म्हणजे सहा तोळे. वर्षाला सहा तोळे पगार आणि वर कापाकापी. म्हणजे एवढंही वाईट नाही, आत्ताच्या भावाने बघाल तर :)

मोझेलकाठची यांच्या मताशी सहमत. आमच्याकडे कोणी जुनं नाणं मोडीत घेऊन आला तर वडील आधी हातात जोखायचे, मग कसोटीवर ओढायचे, मग काट्यावर. चित्र बघायचं ते शेवटी, आणि ते पण छाप घासलीय का, कड कातरलीय का एवढ्यासाठी. चित्र म्हणजे फक्त हमी. देवी असो की घोडा.

लॅटिनची_मास्तरीण
मला दोघांचंही पटत नाही. सराफ सराफाच्या नजरेने बघणार हो, पण नाणं पाडणाऱ्याला जर वाटत असतं की कोणी बघत नाही तर त्यांनी एवढी मारामारी केलीच नसती.

उदाहरण घ्या. इ.स. ५४ मध्ये नीरो सोळा-सतरा वर्षांचा असताना गादीवर आला, आई अग्रिपिनाच्या कृपेने. पहिल्या सोन्याच्या नाण्यावर आई आणि मुलगा समोरासमोर, नाकाला नाक, आणि दर्शनी बाजूला नाव कोणाचं, तर आईचं. चिरंजीवांचं नाव मागच्या बाजूला. पुढच्याच वर्षी दोघं एकामागे एक, नीरो पुढे आणि आई त्याच्या आडून डोकावतेय, आणि नावांची अदलाबदल, मुलाचं पुढे, आईचं मागे. त्यानंतर आई नाण्यावरून गायब. ५९ मध्ये त्याने तिला मारून टाकलं. एवढं कौटुंबिक नाट्य एका नखाएवढ्या सोन्यावर दिसतं आणि तुम्ही म्हणता कोणी बघत नव्हतं? राजवाड्यातले तरी नक्कीच बघत होते.

देव्यांचंही तेच. ६५ मध्ये नीरोला मारायचा कट फसला. त्याच सुमाराच्या सोन्याच्या नाण्यांवर बघा कोण येतं, रक्षण करणारा ज्युपिटर आणि सालुस. वाचलो बुवा, असं साम्राज्यभर सांगायचं होतं.

कैरीपन्हं
बाप रे, सासूसुनांच्या सिरियलीपेक्षा भारी. अजून सांगा मास्तरीणबाई.

लॅटिनची_मास्तरीण
घ्या मग. अँटोनिनस पायसची बायको थोरली फॉस्टिना १४० च्या सुमारास वारली. त्याने तिला सिनेटकडून देवी जाहीर करून घेतलं, फोरममध्ये (रोमच्या मुख्य चौकात) देऊळ बांधलं आणि मग वीसेक वर्षं, स्वतः मरेपर्यंत, तिच्या नावाची नाणी पाडत राहिला. 'दिव्य फॉस्टिना' आणि मागे कधी अनंतकाळाची देवी, कधी मशाल घेतलेली सेरेस. सोन्यात, चांदीत, पितळेत. ट्रिअरला तिची दिसली असतील बघा, अंबाड्यात मोत्यांच्या माळा गुंफलेल्या. आता याला प्रचार म्हणा, पण मला तरी त्यात विधुराचा हट्ट दिसतो. तेच देऊळ आज चर्च होऊन उभं आहे, खांबांवरचं तिचं नाव वाचता येतं.

मोझेलकाठची
हो हो दिसली! अंबाडा थेट डोक्यावर बांधलेला. माझी मावशी बांधायची तसा.
पण ताई, राजवाड्यातले बघत होते हे मान्यच. माझा प्रश्न हातात नाणं आलेल्या माणसाचा आहे.

कुजकट_काका
हातात नाणं आलेल्या माणसाचं सांगतो. १९३ साली सम्राटाच्या अंगरक्षकांनी पेर्टिनॅक्सला मारलं आणि अख्खं साम्राज्य लिलावात काढलं. दिदियस ज्युलियानसने जास्त बोली लावली, झाला सम्राट. ६६ दिवस टिकला. त्या ६६ दिवसांत त्याने जी सोन्याची नाणी पाडली त्यावर कुठली देवी होती? कॉन्कॉर्डिया, आणि लिहिलेलं 'सैन्याचं ऐक्य'. ज्या शिपायांनी पैसे मोजून घेतले त्यांच्याच हातात हे दिलं असणार. ते बघत होते की नाही माहीत नाही, पण बघितलं असेल तर हसून लोळले असतील.

सराफकट्टा
हाहा. आणि त्यांनीपण आधी वजनच केलं असणार काका.

पायवाट
मी नवीन आहे इथे, चुकत असेल तर सांगा. ते फळांनी भरलेलं शिंग घेतलेली देवी म्हणजे आपली लक्ष्मीच नाही का? फोटो बघितले तर बसलेली पोझ अगदी गुप्तांच्या नाण्यावरच्या लक्ष्मीसारखी वाटते.

टांकसाळ_बंद
@पायवाट, चांगलं पकडलंत. सरळ रोमहून उडी मारून नाही आली ती, मध्ये कुषाण आहेत. कुषाणांनी सोन्याची नाणी काढली ती एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला देव किंवा देवी, शेजारी नाव, या पद्धतीने. त्यात अर्दोक्षो नावाची इराणी वळणाची समृद्धीची देवी, हातात तेच शिंग, ग्रीक-रोमन फोर्टुनाकडून आलेलं. समुद्रगुप्ताच्या नाण्यांवर हीच अर्दोक्षो सिंहासनावर बसलेली दिसते. दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळात सिंहासन जाऊन कमळ येतं, शिंग जाऊन हातातही कमळ, आणि ती पूर्ण लक्ष्मी होते.

मोझेलताई, हे तुमच्या मताच्या विरुद्ध जातं बरं का. कोणी बघतच नसतं तर शिंग एवढं लांब कसं आलं असतं?

मोझेलकाठची
कारागिराने बघितलं म्हणून. कारागीर धरायचा नाही :)

नोय्यलकर
मी कोइमतूरला असतो गेली बरीच वर्षं. धाग्यात भारताचा विषय निघालाच आहे तर इकडची बाजू मांडतो, कारण रोमन सोनं-चांदी भारतात सर्वात जास्त सापडली ती आमच्या या पट्ट्यात आणि आजूबाजूला. पश्चिम किनाऱ्यावरच्या मुझिरीस बंदरात जहाजं यायची, मिरी भरून जायची, आणि पालघाटच्या खिंडीतून रस्ता थेट इकडे यायचा. ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी ढिगाने. टायबेरियसच्या नाण्यावर मागे एक बाई खुर्चीत बसलीय, हातात दंड आणि फांदी. ती शांततेची देवी पाक्स की त्याची आई लिव्हिया, की आईच देवीच्या रूपात, यावर अजून वाद आहेत.

आता मजेची गोष्ट. १८९८ मध्ये पुदुकोट्टईजवळ करुक्काकुरिची गावी ५०१ रोमन सोन्याची नाणी एकत्र सापडली. त्यातल्या दहातल्या नऊहून जास्त नाण्यांवर सम्राटाच्या डोक्यावर छिन्नीने किंवा सुरीने सरळ चीर मारलेली आहे. अपघाताने नाही, मुद्दाम, एकेक नाणं घेऊन. फक्त चेहऱ्यावर घाव.

का मारली असेल? मला विचाराल तर इथल्या राजाने सांगितलं असणार, हे नाणं म्हणून चालायचं नाही, सोनं म्हणून चालेल. दुसऱ्या राजाचं तोंड माझ्या बाजारात नको.

सराफकट्टा
किंवा सोनं आतून खरं आहे का हे बघायला. सोन्याचा पत्रा चढवलेली नकली नाणी रोमन काळीपण होती, आत तांबं. एक घाव घातला की कळतं. आम्ही पण कापून बघतोच.

नोय्यलकर
दादा, तपासायला कडेला एक खाच पुरते. एवढ्या नाण्यांच्या बरोबर डोक्यावरच घाव, आणि देवीच्या बाजूला नाही? तपासणी असती तर दोन्हीकडे सारखे दिसले असते.

सराफकट्टा
मुद्दा आहे. पण मग डोक्याची बाजू उठावदार असते, वर ठेवायची सवय असते, हेही धरा.

लॅटिनची_मास्तरीण
म्हणजे तामिळ देशातल्या माणसाने नक्कीच बघितलं होतं, असं झालं ना? रोमन शिपायाचं माहीत नाही, पण इथल्याने सम्राटाला ओळखलं आणि घाव घातला.

मोझेलकाठची
अगं हो! हे नव्हतं माहीत मला. चित्र बघून खोडलं.

गोदाकाठ
ते प्लिनीचं (पहिल्या शतकातला रोमन लेखक) रडगाणं पण येऊ द्या की कोणीतरी. भारत आमचं सोनं ओढून नेतो वगैरे.

टांकसाळ_बंद
प्लिनी म्हणतो वर्षाला ५ कोटी सेस्टर्स भारताकडे जातात, आणि आपण जे देतो त्याच्या शंभरपट भावाने ते आपल्याला माल विकतात. दुसऱ्या ठिकाणी भारत, चीन आणि अरबस्तान मिळून १० कोटी म्हणतो. ५ कोटी सेस्टर्स म्हणजे ५ लाख ऑरियस. नीरोनंतरच्या वजनाने साडेतीन टनांच्या वर सोनं, दर वर्षी. अर्थात सगळं सोन्यातच गेलं असं नाही, चांदी आणि मालपण होता, आणि प्लिनीला बायकांच्या नटण्यावर टीका करायची होती त्यामुळे आकडा कितपत गंभीर घ्यायचा हा प्रश्नच.

पण मुझिरीसच्या व्यापाराचा एक पपायरसवरचा दस्तऐवज मिळालाय दुसऱ्या शतकातला, त्यात हर्मापोलॉन नावाच्या एकाच जहाजावरच्या मालाची किंमत सत्तर लाख सेस्टर्सच्या आसपास जाते. त्यावर रोमन सरकारचा आयात कर पंचवीस टक्के. म्हणजे सोनं गेलं म्हणून रडायचं आणि एक चतुर्थांश वसूल पण करायचं.

कुजकट_काका
काही गोष्टी दोन हजार वर्षांत बदलत नाहीत.

पायवाट
महाराष्ट्रात का नाही सापडलं मग एवढं? सोपारा, कल्याण, चौल ही सगळी बंदरं तर होतीच ना?

तेरची_चिंच
अखेर आमचा नंबर आला. मी मूळची धाराशिवकडची, तेर आमच्यापासून जवळ. 'पेरिप्लस' नावाचं पहिल्या शतकातलं ग्रीक व्यापाऱ्याचं पुस्तक आहे त्यात पैठण आणि तेरचं (तगर) नाव आहे, इथून कापड वगैरे गाड्यांनी भडोचला जायचं. त्यातच लिहिलंय की भडोचला रोमन सोन्याची आणि चांदीची नाणी नेली तर स्थानिक पैशात बदलताना नफा होतो. म्हणजे हे आपल्या भागाला अनोळखी नव्हतंच.

तरी सोनं कमी का? एक मत असं की क्षत्रपांनी आणि सातवाहनांनी आपापली नाणी नीट चालवली होती, परकं नाणं आलं की वितळवून आपलं पाडायचं. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या कितीतरी नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने सरळ आपला छाप पुन्हा मारलाय. नहपानाचं डोकं खालून डोकावतंय आणि वर सातकर्णीचा डोंगर. नोय्यलकर, तुमची ती चीर आणि आमचा हा पुनर्छाप, सांगायचं एकच, पण आमच्याकडे जरा जास्त उद्योगी लोक होते :)

आणि पांडवलेणीतला उषवदाताचा लेख बघा. नहपानाचा जावई. त्यात दानाचा हिशोब दिलाय, ७० हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे २००० सुवर्ण, एका सुवर्णाला ३५ कार्षापण. हे 'सुवर्ण' म्हणजे रोमन सोन्याचं नाणं की कुषाणांचं यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. मला रोमन वाटतं. का ते विचारू नका, तेरचा अभिमान.

अजून एक. तेरला मातीच्या चकत्या सापडल्यात, रोमन नाण्यावरून ठसा उठवलेल्या, काहींना अडकवायला सोय. म्हणजे सोनं परवडत नाही तर सम्राट मातीत तरी घालू गळ्यात.

मोझेलकाठची
मातीच्या?! म्हणजे इथे वजनाचा संबंधच नाही. नुसतं चित्र. सराफदादा, आता बोला.

सराफकट्टा
बोलतो काय, गप्प बसतो.

लेकुरवाळी
उशिरा आले. गळ्यात घालायचं वाचून राहवलं नाही. दक्षिणेत सापडलेल्या कित्येक रोमन नाण्यांना भोकं पाडलेली आहेत किंवा कडी जोडलेली आहे, दागिना म्हणून घालायची. आणि आपली पुतळ्यांची माळ! ती जी पुतळी आहे ती मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलीय. व्हेनिसचं डुकॅट, त्यावर त्यांचा प्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून झेंडा घेतोय. भारतात ती नाणी एवढी आली की इथल्या सोनारांनी तशीच पाडायला घेतली, आणि बघणाऱ्यांनी त्या दोन आकृतींना राम-सीता करून टाकलं. माझ्या आजेसासूबाईंच्या माळेत अशा आहेत, त्या शेवटपर्यंत राम-सीताच म्हणायच्या. रोमन नसलं तरी प्रकार तोच ना, आपण आपल्याला हवा तो देव बघतो.

कैरीपन्हं
लेकुरवाळी, माळेचा फोटो!! आणि वजन पण सांग.

लेकुरवाळी
अगं लॉकरमध्ये आहे. आणि वजन सांगून चोरांना आमंत्रण देऊ का.

कैरीपन्हं
रच्याकने, हल्ली पुतळी हार परत फॅशनमध्ये आलाय, एक ग्रॅमवाले पण मस्त मिळतात.

कुजकट_काका
झालं. धाग्याचं दागिन्यांचं दुकान झालं. मी चहा ठेवतो.

मोझेलकाठची
चोरांवरून आठवलं, ट्रिअरच्या याच साठ्यावर २०१९ मध्ये चोर आले होते. रात्री म्युझियममध्ये शिरले, पण नाण्यांच्या पेटीची काच फुटली नाही म्हणून हात हलवत गेले. आता तर अजून बंदोबस्त आहे.

अर्धवटराव_पुणे
प्रश्न व्यवहारी आहे. ऑनलाईन एका ग्रुपवर एक जण रोमन सोन्याचं नाणं विकतोय, शेतात सापडलंय म्हणतो, नीरोचं, भाव सोन्याच्या भावापेक्षा थोडाच जास्त. घेऊ का?

टांकसाळ_बंद
नाही. नाही. नाही.

एक म्हणजे खरं असेल तर भारतात जमिनीत सापडलेला खजिना कलेक्टरला कळवायचा असतो, १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, अजून चालू आहे. आणि शंभर वर्षांवरच्या जुन्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. दोन म्हणजे खरा ऑरियस सोन्याच्या भावात कोणी देत नाही, युरोपातल्या लिलावात नीरोचा बरा तुकडा काही हजार युरोंच्या खाली मिळत नाही. म्हणजे एकतर बेकायदा नाहीतर खोटं, बहुतेक दोन्ही.

खोट्याची परंपरा पण जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत बेकर नावाचा माणूस स्वतः ठसे कोरून, खऱ्या सोन्यात, बरोबर वजनाची रोमन नाणी पाडायचा. जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर डब्यात घालून घोडागाडीखाली बांधायचा आणि फिरायला जायचा असं सांगतात. आज त्याची खोटी नाणीच संग्राहक विकत घेतात.

गोदाकाठ
आणि मोठ्यांचंही तेच आहे अर्धवटराव. ब्रूटसचं ते प्रसिद्ध सोन्याचं नाणं, पुढे त्याचा चेहरा, मागे दोन खंजीर आणि मध्ये स्वातंत्र्याची टोपी, सीझरच्या खुनाची तारीख लिहिलेली. २०२० मध्ये लंडनमध्ये ३२ लाख पौंडांच्या वर गेलं. नंतर निघालं की मूळ मालकाचे कागद बनावट होते, आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत केलं.

लॅटिनची_मास्तरीण
ब्रूटसची खरी गंमत वेगळीच. सीझरने जिवंतपणी स्वतःचं तोंड नाण्यावर छापलं हा राजेपणाचा माज आहे म्हणून बोंब होती. सीझरला मारला. दोन वर्षांत ब्रूटसने काय केलं, तर स्वतःचं तोंड नाण्यावर.

कुजकट_काका
चहा संपला, परत आलो, अजून दागिन्यांत नाही हे बघून बरं वाटलं. मला कोणीतरी गॅलिएनसचं सांगा. सम्राटच देवी झाला म्हणतात ते खरं का?

टांकसाळ_बंद
खरं आहे. तिसऱ्या शतकात, २६० च्या दशकात गॅलिएनसचे काही ऑरियस आहेत. चेहरा त्याचाच, दाढीसकट, डोक्यावर धान्याच्या लोंब्यांसारखा मुकुट, आणि नाव कोरलंय 'गॅलिएनाय ऑगुस्टाय', म्हणजे स्त्रीलिंगी. मागे लिहिलंय 'सर्वत्र शांतता', तेव्हा साम्राज्याचा एक तुकडा गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सकडे) फुटून निघालेला, बाप व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या कैदेत. कोणी म्हणतं त्याने स्वतःला सेरेस देवीच्या रूपात दाखवलं, कोणी म्हणतं शत्रूने टिंगल केली, कोणी म्हणतं व्याकरणाचा घोळ. टिंगल मला पटत नाही, सोन्यात टिंगल कोण पाडेल. मी देवीच्या बाजूचा.

लॅटिनची_मास्तरीण
मी पण. आणि आता मोझेलच्या मूळ प्रश्नावर परत येते कारण दोन दिवस डोक्यात घोळतोय.

लोक बघत होते याचे लेखी पुरावे आहेत. एपिक्टेटस, गुलामीतून सुटलेला तत्त्वज्ञ, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शिष्यांना सांगतो की माणसाचं मन नाण्यासारखं तपासा. छाप कोणाचा? ट्रेजनचा? दे इकडे. नीरोचा? फेकून दे, खोटं आहे, चालणार नाही. आता नीरोची नाणी खरोखर कोणी फेकत नव्हतं, पण हा दृष्टांत ऐकणाऱ्याला कळायचा म्हणजे डोकं कोणाचं हे लोक बघत होते. चौथ्या शतकात सम्राट ज्युलियनने नाण्यावर बैल घातला तर अँटिओक शहरातल्या लोकांनी त्यावरून त्याची टर उडवली, ते ब्राँझचं होतं, पण बघितलंच ना.

आणि मला आवडणारी गोष्ट म्हणजे प्लिनीच देतो. क्लॉडियसच्या काळात एक रोमन माणूस वादळात सापडून श्रीलंकेला लागला. तिथल्या राजाने त्याच्याजवळची चांदीची नाणी बघितली आणि थक्क झाला, कारण चेहरे वेगवेगळ्या माणसांचे आणि वजन सगळ्यांचं सारखं. म्हणजे हे लोक प्रामाणिक आहेत, असं म्हणून त्याने रोमला वकील पाठवले.

सराफकट्टा
म्हणजे मी पण बरोबर आणि तुम्ही पण बरोबर. राजाने चेहरेही बघितले आणि वजनही केलं.

मोझेलकाठची
पण बघा, ही सगळी उदाहरणं चेहऱ्याची आहेत, फार तर बैलाची. देवीबद्दल एकही नाही! एपिक्टेटस विचारत नाही की मागे सालुस आहे का पाक्स. पुदुकोट्टईला चीर पण चेहऱ्यावर. म्हणजे माझं अर्धं मत अजून शाबूत आहे, लोक डोकं बघत होते, देवी नाही.

तेरची_चिंच
अर्दोक्षोपासून लक्ष्मी झाली ती काय डोक्याच्या बाजूने?

मोझेलकाठची
कारागीर धरायचा नाही हे आधीच ठरलंय :P

नोय्यलकर
ठरलं कधी? तुम्ही एकटीनेच ठरवलंत.

टांकसाळ_बंद
मला वाटतं उत्तर साठ्यांत मिळू शकतं. लोकांनी पुरून ठेवताना विशिष्ट देवीची नाणी वेगळी काढली का हे मोजता येतं. चांदीच्या आणि पितळेच्या बाबतीत असा अभ्यास झालाय की कुठली चित्रं सैन्याच्या छावण्यांत जास्त सापडतात आणि कुठली शहरांत, म्हणजे निदान वाटणारा तरी विचार करून वाटत होता. सोन्यात अवघड, कारण सोनं फिरतं फार आणि शेवटी मोठ्या घड्यातच जातं. ट्रिअरचा साठा त्याला उपयोगाचा नाही, तो बहुधा कुठल्यातरी तिजोरीचा आहे, खिशातला नाही.

पायवाट
खूप शिकायला मिळालं, सगळ्यांना धन्यवाद. भारतात राहून अशी नाणी प्रत्यक्ष बघायची तर कुठे जायचं?

नोय्यलकर
चेन्नईला एग्मोरचं सरकारी संग्रहालय, रोमन नाण्यांचा संग्रह तिथला मोठा आहे. जाण्याआधी फोन करून नाणेविभाग उघडा आहे ना विचारा.

तेरची_चिंच
आणि तेरला या. सोनं नाही मिळणार बघायला, पण लामतुरे संग्रहालय आहे, हस्तिदंताची बाहुली बघा, पाँपेईला सापडलेल्या भारतीय बाहुलीची बहीण शोभावी अशी. येताना उन्हाळा टाळा.

अर्धवटराव_पुणे
त्या विक्रेत्याने आत्ता मेसेज केला, दोन घेतली तर एक फ्री म्हणतोय.

टांकसाळ_बंद
ब्लॉक करा हो.

कुजकट_काका
फ्रीवालं काकांना पाठवा, मागे कुठली देवी आहे बघून सांगतो.